स्लाऊहून लंडनला जाऊन परत विंडसरला? आई-बाबांच्या कोच ट्रिपबद्दल जरा सविस्तर

प्रश्न वाचला. आई-बाबा नाशिकहून सहा आठवड्यांसाठी आलेत, बाबा एकाहत्तर, आई सहासष्ट, आईचा गुडघा कुरकुरतो, तुम्ही दोघं नोकरीवाले, राहता स्लाऊला, आणि जूनमधल्या एखाद्या शनिवारी त्यांना लंडनच्या व्हिक्टोरियाहून सुटणाऱ्या विंडसर-स्टोनहेंज-बाथ कोच ट्रिपला बसवून द्यावं की ट्रेननेच पाठवावं असं विचारताय. बहिणीचा आग्रह ऑक्सफर्ड-स्ट्रॅटफर्डचा.

मी सोळा वर्षं याच कोचमध्ये पुढे उभी राहून माइकवर बोलत आलेय, त्यामुळे या ट्रिपांना नावं ठेवणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणं. तरी सांगते, स्लाऊला राहणाऱ्या माणसाने ही तिन्ही ठिकाणांची ट्रिप घेऊ नये.

नकाशा बघा जरा. कोच सुटणार सकाळी आठला व्हिक्टोरियाहून, पाऊण तास आधी या म्हणणार, म्हणजे आई-बाबा स्लाऊहून सव्वासहाच्या आत घराबाहेर. पॅडिंग्टनला उतरायचं, तिथून ट्यूबने व्हिक्टोरिया, तिथे गर्दीत आपला कोच शोधायचा, आणि मग तो कोच काय करणार तर एम फोर मोटरवेला लागून तुमच्या स्लाऊच्या अंगावरून विंडसरला जाणार. जिथून अडीच तासांपूर्वी निघालात तिथेच परत! आणि स्लाऊ स्टेशनवरून विंडसरला जाणारी छोटी गाडी सहा मिनिटांत पोचवते हो. वर ती ट्रेन उतरवते किल्ल्याच्या अगदी समोर, कोच मात्र खाली नदीकडच्या पार्किंगला थांबतो, तिथून चढ चालून यायचं. गुडघेवाल्या माणसाला हा फरक फार मोठा असतो.

तेव्हा विंडसर आधी यादीतून काढा आणि वेगळ्या दिवशी सावकाश करा. मंगळवार-बुधवार किल्ला बंद असतो, रविवारी सेंट जॉर्ज चॅपल बघायला मिळत नाही, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार यातला दिवस. जूनच्या मध्यात एका सोमवारी गार्टरचा, म्हणजे राजाच्या मानकऱ्यांचा, समारंभ असतो तेव्हाही किल्ला बंद, आणि त्याच सुमारास मंगळवार ते शनिवार रॉयल अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती, तेव्हा त्या भागातल्या रस्त्यांवर आणि गाड्यांमध्ये मोठाल्या टोप्या घातलेल्यांची जत्रा. बुक करायच्या आधी तारीख बघून घ्या. कोचवाले विंडसरला साधारण दोन तास देतात, त्यात एअरपोर्टसारखी तपासणी, तिची रांग, मग स्टेट अपार्टमेंट्स, मग चॅपल. 13 एकरांचा किल्ला आहे तो, विल्यम द कॉन्करर 1070 च्या सुमाराला सुरू करून गेला आणि अजूनही राजाचं राहतं घर आहे, दोन तासांत नुसता घाम निघतो. आपलं आपण गेलात तर आईला चॅपलमध्ये दहा मिनिटं बाकावर टेकता येईल. राणी एलिझाबेथ तिथेच आहे, आठवा हेन्रीही तिथेच. आणि बाबांना एक गोष्ट आवर्जून दाखवायला सांगा, ग्रँड व्हेस्टिब्यूलमध्ये काचेच्या कपाटात सोन्याचं वाघाचं डोकं आहे, ते टिपू सुलतानच्या सिंहासनाचं, 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाची लूट. आपली माणसं त्याच्यासमोर आली की गप्प होतात एकदम. मग कुणीतरी हळूच म्हणतं, आणखी काय काय आणलंय यांनी.

आता उरलं स्टोनहेंज आणि बाथ. इथे कोच कामाचा आहे, कारण स्टोनहेंजला ट्रेन जात नाही. सॉल्सबरीला उतरून पुढे बस करावी लागते, आणि स्लाऊहून सॉल्सबरी म्हणजे दोनदा गाड्या बदलणं. बाथ मात्र सोपं, रीडिंगला गाडी बदलली की झालं. कोच घ्यायचा तो स्टोनहेंजसाठी. बाथ त्याच्या जोडीला आलं तर उत्तम, नुसती स्टोनहेंजची अर्ध्या दिवसाची ट्रिप मिळाली तर आईसाठी तीही चांगली.

तीन ठिकाणं एका दिवशी का नकोत याचा हिशोब एकदा मांडते, म्हणजे जाहिरातीतले फोटो बघून परत मोह व्हायला नको. लंडन ते विंडसर तास, विंडसर ते स्टोनहेंज सव्वा-दीड तास, तिथून ए थर्टीसिक्स रस्त्याने बाथ तास-सव्वा तास, आणि बाथहून लंडन अडीच ते तीन तास. झाले साडेसहा तास सीटवर, तेही रस्ता मोकळा असेल तर. कोच काही कारसारखा पळत नाही, त्याला ताशी 100 किलोमीटरचा लिमिटर असतो, म्हणजे त्याच्यावर वेग जातच नाही, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायची त्याला परवानगीच नाही. ड्रायव्हरच्या समोर टॅको असतो, म्हणजे गाडी किती वेळ चालली, किती वेळ थांबली हे नोंदवणारं यंत्र. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घेतलीच पाहिजे, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर स्टिअरिंग नाही. प्रवासी म्हणतात "दहा मिनिटं थांबा ना हो, काय फरक पडतो", पण फरक पडतो, कारण सकाळपासूनच्या त्या दहा-दहा मिनिटांची बेरीज संध्याकाळी टॅकोत दिसते आणि दंड ड्रायव्हरला होतो. गाइड माणूस वेळेवरून कटकट करतो त्याच्यामागे हे आहे, आम्हाला काही हौस नसते.

त्यात ए थ्री-ओ-थ्री. स्टोनहेंजच्या अगदी जवळून जातो हा रस्ता, आणि नेमका तिथे दोन लेनचा एक होतो, वर प्रत्येक गाडी दगड दिसले की हळू होते, प्रवासी फोन काढतात, मागे मैलभर रांग. जमिनीखालून बोगदा काढायचं वर्षानुवर्षं चाललं होतं, 2024 मध्ये सरकारने ते रद्दच केलं. शुक्रवारी दुपारी आणि सुट्टीच्या वीकेंडला या रस्त्यावर मी कोचमधल्या लोकांना सगळा इंग्लंडचा इतिहास सांगून संपवलाय आणि तरी गाडी तिथेच! तुम्हाला शनिवारच घ्यायचाय, घ्या, पण तो बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला जोडून आलेला, नको आणि 21 जूनच्या आसपासचा तर नकोच, त्या रात्री-पहाटे हजारो लोक सूर्योदयाला जमतात आणि नेहमीच्या वेळा बदललेल्या असतात.

स्टोनहेंजला "दीड तास" देतो असं लिहिलेलं असतं. तो दीड तास कसा जातो सांगते. कोच थांबतो व्हिजिटर सेंटरला, ते दगडांपासून दीड मैल लांब आहे (2013 पासून हे असंच आहे, आधी अगदी शेजारी गाड्या लागायच्या). उतरून बाथरूमची रांग, त्यात कोचभर पन्नास माणसं, पंधरा मिनिटं. मग शटल बसची रांग आणि प्रवास, गर्दी असेल तर वीस. दगडांभोवती सावकाश एक फेरी, पस्तीस-चाळीस. परतीची शटल पंधरा. उरलेल्या वेळात फ्रिज मॅग्नेट. म्हणून मी आमच्या लोकांना सांगते की उतरल्या उतरल्या आधी शटल पकडा, प्रदर्शन आणि दुकान येताना, कारण दगड बघायचे राहून दुकान बघितलेली माणसं मी पाहिलीत. वारा असतो तिथे, जूनमध्येही. सॉल्सबरीचं पठार आहे, अडवायला काही नाही, आईची शाल आणि कानाला रुमाल पिशवीत हवाच.

"नुसते दगड तर आहेत" असं ऐकायची सवय झालीय मला. एकदा कोल्हापूरकडचे एक निवृत्त इंजिनिअर आजोबा होते, बायको पोरं सेल्फीत गुंतलेली, हे एका जागी उभे राहून वर बघतायत. सगळ्यात उंच जो दगड एकटा उभा आहे, त्याच्या डोक्यावर एक गोल उंचवटा दिसतो, उन्हात नीट दिसतो. त्यांनी मला बोलावलं, म्हणाले, "बाई, हे सुतारकाम आहे." बरोबर होतं त्यांचं. लाकडी चौकटीत सुतार एका तुकड्याला टोक काढतो, दुसऱ्याला खाच पाडतो आणि ते एकात एक बसवतो, अगदी तसंच इथे दगडात केलंय, उभ्या दगडाला वर उंचवटा, आडव्याला खाली खळगा. साडेचार हजार वर्षांपूर्वी, लोखंडाचं हत्यार नसताना, दगडाने दगड ठोकून. मोठे दगड सरासरी 25 टनांचे, ते साधारण 25 किलोमीटरवरच्या वेस्ट वूड्समधून आणलेले. छोटे निळसर दगड तर वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. आणि मधला आडवा पडलेला अल्टर स्टोन स्कॉटलंडच्या ईशान्येकडून आलाय हे 2024 मध्ये कळलं, तोपर्यंत तोही आम्ही वेल्सचाच सांगायचो! आजोबांनी तो दीड तास तिथेच घालवला, दुकानात गेलेच नाहीत. तुमच्या बाबांना हे आदल्या रात्री मराठीत सांगून ठेवा. गाइड इंग्लिशमध्ये भराभर बोलतो, उच्चार वेगळे, माइक खरखरतो, अर्ध्या गोष्टी निसटतात. घरून चार गोष्टी माहीत करून गेलेला माणूस शोधत शोधत बघतो. हो आणि हे पण सांगा, हा सगळा स्टोनहेंज 1915 मध्ये लिलावात 6,600 पौंडांना विकला गेला होता, सेसिल चब नावाच्या गृहस्थाने घेतला आणि 1918 ला देशाला देऊन टाकला. बाबा रुपयात हिशोब करणारच.

दगडांना हात लावता येत नाही, दोरीबाहेरून फेरी. पहाटे किंवा संध्याकाळी लहान गटाला वर्तुळाच्या आत सोडतात अशा वेगळ्या ट्रिपा असतात, महाग असतात, आणि आत गेलात तरी स्पर्श करायचा नसतोच.

बाथ. इथे माझा जीव अडकतो म्हणून जास्त बोलणारे. रोमन बाथ्समध्ये, म्हणजे रोमनांच्या जुन्या स्नानगृहात, लोक जातात, हिरवं पाणी बघतात, फोटो काढतात आणि चालू लागतात. ते हिरवं शेवाळामुळे, रोमन काळी वर छप्पर होतं, ऊन पडत नव्हतं. वर कठड्यावरचे ते रोमन सरदारांचे पुतळे 1890 च्या दशकातले, त्यांच्याखाली फोटो काढून "दोन हजार वर्षांपूर्वीचे" असं स्टेटस टाकू नका. खरं रोमन खाली आहे. तळाचा शिशाचा पत्रा अजून तोच. झऱ्यातून दिवसाला 11 लाख 70 हजार लिटर पाणी येतं, 46 अंशाचं, वज्रेश्वरी-गणेशपुरी पाहिलेल्या माणसाला कुंडांचं नवल नाही म्हणा, पण इथे खालच्या दालनांत एक गोष्ट आहे जी माझ्या मते सगळ्या इमारतीत भारी. शिशाच्या पातळ चपट्या पट्ट्या, त्यावर खरडलेलं लॅटिन. रोमन माणसं आंघोळीला आली की कपडे चोरीला जायचे, मग ती या पट्टीवर तक्रार लिहून गुंडाळी करून झऱ्यात देवीकडे टाकायची. साधारण 130 सापडल्यात. एकाचे दोन हातमोजे गेलेत, तो सुलिस मिनर्व्हाला सांगतोय की ज्याने नेले त्याचं डोकं फिरू दे आणि डोळे जाऊ देत. हातमोज्यांसाठी! मालवणकडच्या एक मावशी होत्या माझ्या ग्रुपमध्ये, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अगो, हां तर गाऱ्हाणां." त्यानंतर मी मराठी माणसांना तोच शब्द वापरून सांगते, दुसरं काही समजवावं लागत नाही.

आत पायऱ्या आणि उंचसखल दगडी फरशी आहे, लिफ्ट पण आहेत, आईसाठी दारातच विचारून घ्या. तिकिटात ऑडिओ गाइड येतो. दीड तास मिळणार असेल तर एक तास बाथ्सला द्या आणि उरलेल्यात बाहेरून अ‍ॅबी, म्हणजे शेजारचं मोठं चर्च, बघा, रॉयल क्रेसेंट सोडून द्या, तीस घरांची ती अर्धगोल रांग सुंदर आहे पण चढावर आहे, वीस मिनिटं जायला आणि तेवढीच यायला, अर्ध्या वाटेत घड्याळ बघून परत फिरणारे रोज असतात. कोच बहुतेक वेळा शहरात शिरताना गाडीतूनच दाखवतो.

ऑक्सफर्ड-स्ट्रॅटफर्डबद्दल थोडक्यात. बहीण चुकीचं सांगत नाहीये, पण ऑक्सफर्डला स्लाऊहून ट्रेन सोपी आहे आणि कोचवाले तिथे दीड-दोन तासांत चार कॉलेजांच्या भिंती दाखवतात. आपणहून गेलात तर ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाशी जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटच्या इमारतीवर मान वर करून बघा, वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याच्या जागी हत्ती आहे. स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या जन्मघराच्या बागेत रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे, तो बघून आपल्या लोकांचे चेहरे खुलतात. बाकी घरात लाकडी जिने अरुंद. कॉट्सवोल्ड्सचं म्हणाल तर कोचमधून गाव बघणं म्हणजे लग्नात फक्त आइस्क्रीम खाऊन येणं, तिथे तुमची कार घेऊन एखाद्या रविवारी जा. आणि कुणी लीड्स कॅसलची ट्रिप सुचवली तर लीड्सच्या मित्राला फोन करू नका, तो किल्ला केंटमध्ये आहे.

बुक करताना दोनच गोष्टी नीट वाचा. एक, प्रवेश तिकीट धरून आहे का. स्वस्त दिसणाऱ्या ट्रिपेत बऱ्याचदा ते धरलेलं नसतं आणि दारात पोचल्यावर कळतं. दोन, बरोबर कोण येणार. ब्लू बॅज गाइड असेल तर डोळे झाकून घ्या, दीड-दोन वर्षं अभ्यास करून, लेखी-तोंडी परीक्षा देऊन तो निळा बिल्ला मिळतो. नुसता "टूर लीडर" असेल तर तो वेळ सांगणार, डोकी मोजणार, वाईट असतो असं नाही पण अपेक्षा तेवढीच ठेवा. काही ठिकाणी ड्रायव्हरच बोलतो. सीट पुढच्या तिसऱ्या भागात मिळाली तर बघा, ऐकूही येतं आणि उतरताना आईला मागून कुणी ढकलत नाही. गुडघ्यासाठी फोल्डिंग व्हीलचेअर नेणार असाल तर आधी कळवा, ती खाली डिकीत जाते, पण कोचच्या पायऱ्या त्यांनाच चढाव्या लागतील. मागचं टॉयलेट आहे असं समजून बसू नका, बऱ्याचदा कुलूपच असतं. प्रत्येक थांब्यावर, लागली असो नसो, जाऊन यायचं.

ते दोघं एकटे जाणार म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. उतरताना कोचच्या पुढच्या बाजूचा फोटो काढायचा, नंबर प्लेटसकट. शहरात कोच थांबू शकत नाही, सोडून निघून जातो आणि ठरल्या वेळी परत येतो, तेव्हा त्याच जागी चार-पाच पांढरे कोच ओळीने लागलेले असतात. बाथला एकदा एक जोडपं येईना, मी वीस मिनिटं रस्त्यावर पळतेय, फोन लागत नाही, ड्रायव्हर टॅकोकडे बोट दाखवतोय, शेवटी सापडले कुठे तर आमच्या पुढच्याच, दुसऱ्याच कोचमध्ये आरामात सीटबेल्ट लावून बसलेले. वर मलाच म्हणाले, "तुम्ही कुठे होता?" तर फोटो, आणि गाइडचा नंबर कागदावर, कारण नवीन सिमचा फोन नेमका तेव्हाच संपतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन सकाळीच चालू करून द्या, तुमचाही जीव भांड्यात.

खायला घरचं द्या. थंड चालतं, वासाचं नको, म्हणजे दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, पोळीचे रोल, चिवडा उत्तम, पण गरम बटाटेवडे डब्यातून काढले की पुढच्या सहा रांगा वळून बघतात आणि ड्रायव्हर माइक मागतो. वाटेतल्या सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्याला, पॅस्टी (करंजीसारखी भाजलेली) घेतलीच तर चीज-कांद्याची आहे ना ते विचारून, साधी पॅस्टी म्हणजे आत बीफ.

परतीच्या वाटेचं एक राहिलं. बाथहून कोच पुन्हा एम फोरनेच येणार, म्हणजे स्लाऊ डाव्या हाताला दिसणार आणि आई-बाबा हळहळणार, पण मोटरवेवर कुणी उतरवत नाही. त्याऐवजी सकाळी बसतानाच गाइडला विचारायला सांगा की येताना हॅमरस्मिथकडे सोडाल का. पश्चिमेकडून येणारे बरेच कोच तिकडून आत शिरतात आणि रस्त्यात एक-दोन ठिकाणी माणसं उतरवतात. हॅमरस्मिथहून पॅडिंग्टनला थेट ट्यूब आहे, व्हिक्टोरियापर्यंत जाऊन परत यायचा तासभर वाचतो आणि दोघं जेवायच्या वेळेला घरी पोचतात.